पॅटनच्या वाळवंटी छावण्या: बाबांना घेऊन जायचंय, बघण्यासारखं काही उरलंय का?

भिंगारकर:

नमस्कार मंडळी,

आईबाबा डिसेंबरअखेर आमच्याकडे अर्व्हाइनला (कॅलिफोर्निया) येतायत, तीन महिने. मागच्या वेळी डिस्नी, युनिव्हर्सल, वेगास, ग्रँड कॅन्यन सगळं उरकलं. आई खूश होती पण बाबा प्रत्येक ठिकाणी "छान आहे" म्हणून दहा मिनिटांत गाडीत येऊन बसायचे, अगदी ग्रँड कॅन्यनलाही पंधरा मिनिटंच टिकले.

बाबा आर्मर्डमधून (रणगाडा दलातून) रिसालदार म्हणून रिटायर झालेत. विजयंता, मग टी ७२, आणि ब्रासस्टॅक्स ह्या मोठ्या युद्धसरावाच्या वेळी, म्हणजे ८६-८७ ला, राजस्थानात महिनेच्या महिने तंबूत काढलेले. घर नगरजवळ भिंगारला, त्यामुळे माझं लहानपण सगळं के के रेंजवरचे (सैन्याची फायरिंग रेंज) धमाके ऐकत आणि खिडकीच्या काचा हलताना बघत गेलंय. तर मागच्या वेळी आम्ही फिनिक्सला चाललो होतो, आय १० हायवेवर इंडिओ सोडल्यावर जनरल पॅटनच्या (दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन सेनापती) म्युझियमची पाटी दिसली आणि बाबा एकदम ताठ बसून म्हणाले, "अरे हाच का तो पॅटन, ज्याच्या नावाचे टँक आपण पासष्टला खेमकरणला फोडले?" मी म्हटलं हो तोच. थांबता आलं नाही, पोराला उलट्या होत होत्या. पण त्यानंतर वर्षभर फोनवर तीनदा तरी विचारून झालंय, की "ती पॅटनची जागा राहिली बरं का".

म्हणून शोधाशोध केली तर कळलं की म्युझियम हा फक्त एक भाग आहे, दुसऱ्या महायुद्धात त्या सगळ्या वाळवंटात ट्रेनिंगच्या छावण्या होत्या आणि त्यांचे अवशेष अजून आहेत. आता माझे प्रश्न:

अवशेष म्हणजे नक्की काय? भिंती वगैरे आहेत का नुसतीच पाटी? एवढ्या छावण्यांतली कुठली बघावी? माझ्याकडे साधी सेदान आहे, फोर बाय फोर नाही. बाबा ७१ चे आहेत, डावा गुडघा कुरकुर करतो पण सपाटीवर दोन मैल आरामात चालतात. आईला यातलं काही पडलेलं नाही, तिला सावली आणि बाथरूम एवढंच हवंय. आणि तिथे जुने न फुटलेले गोळे असतात असं कुठेतरी वाचलं, ते कितपत खरं?

कोणी गेलं असेल तर सांगा प्लीज.

---

उंटावरचा_शहाणा:

मी तीनदा गेलोय, बायकोच्या मते अडीच वेळा जास्त, त्यामुळे बोलायचा हक्क आहे असं समजतो.

आधी अपेक्षा खाली आणा. भिंती नाहीत, बराकी नाहीत, मोडका टँक वगैरे तर अजिबात नाही. कारण तिथे पक्कं बांधकाम जवळपास झालंच नव्हतं, मुद्दामच. १९४२ च्या सुरुवातीला उत्तर आफ्रिकेत जर्मन सेनापती रोमेलने ब्रिटिशांना जेरीस आणलं होतं आणि अमेरिकन फौजेला वाळवंटात लढायचा अनुभव शून्य. पॅटन मूळचा कॅलिफोर्नियाचाच, सॅन गेब्रिएलचा, त्याला मार्चमध्ये जागा शोधायला पाठवलं आणि त्याने हा पट्टा निवडला. रेल्वेलाइन होती, वस्ती जवळपास नव्हती, आणि कोलोरॅडो नदीचं पाणी लॉस एंजेलिसकडे नेणारी अ‍ॅक्वाडक्ट (पाण्याचा कालवा) नुकतीच, १९४१ ला, सुरू झाली होती. बहुतेक छावण्या रेल्वे नाहीतर ह्या पाण्याला धरून आहेत, नकाशावर दोन्ही रेषा काढल्या की लगेच लक्षात येतं.

एप्रिल ४२ मध्ये काम सुरू झालं. जवानांना तंबू, अधिकाऱ्यांनाही तंबू, छावणीत वीज नाही, उन्हाळ्यात ४५ च्या वर तापमान आणि पाण्याचं रेशन. पूर्ण सामान पाठीवर घेऊन दहा मिनिटांत एक मैल पळायला लावायचा हा माणूस. पण एक गंमत ऐका, "पॅटनच्या छावण्या" म्हणतात खरं पण स्वतः पॅटन तिथे चार महिनेसुद्धा नव्हता. जुलैअखेर त्याला बोलावून घेतलं आणि नोव्हेंबरात तो मोरोक्कोच्या किनाऱ्यावर उतरला. हे ट्रेनिंग सेंटर मात्र पुढे एप्रिल १९४४ पर्यंत चाललं, सुमारे दहा लाख माणसं तिथून तयार होऊन गेली. एरिया म्हणाल तर अठरा हजार चौरस मैल, कॅलिफोर्निया, अ‍ॅरिझोना आणि नेवाडाचं टोक. आपले नगर, पुणे आणि सोलापूर जिल्हे एकत्र केले तर जवळपास तेवढेच भरतील.

आता बघायचं काय, तर दगड. तंबू जिथे होते तिथे जवानांनी आजूबाजूचे दगड गोळा करून रस्त्यांच्या, पायवाटांच्या कडा आखल्या होत्या, कंपनीचं नाव दगडांनी लिहिलं होतं, आणि ऐंशी वर्षांनंतरही ते तसेच पडून आहेत. पायवाट दिसते, तिच्या दोन्ही बाजूंना दगडांची ओळ, तुम्ही तिच्यावरून चालत जाता आणि पुढे काहीच नाही, ती जिथे संपते तिथे कोणाच्या तरी तंबूचं दार होतं.

तुमच्यासाठी सरळ उत्तर: म्युझियम आणि कॅम्प आयर्न माउंटन. सगळ्या छावण्यांत ही सगळ्यात चांगली टिकलीय असं माझं मत. तिथे दगडांचे ऑल्टर आहेत, म्हणजे उघड्यावरच्या चर्चची वेदी म्हणा, आणि जमिनीवर बनवलेला एक भलामोठा उठावाचा (डोंगरदऱ्या उंचसखल दाखवणारा) नकाशा, ज्यावर उभं राहून अधिकाऱ्यांना डावपेच समजावून द्यायचे. पावसापाण्याने नकाशा बराच झिजलाय पण डोंगररांगा ओळखू येतात. दोन्हीला कुंपण आहे, बाहेरूनच बघायचं.

रस्ता असा: आय १० वर डेझर्ट सेंटर, तिथून १७७ ने उत्तरेला वर ६२ नंबरच्या हायवेपर्यंत, आणि त्या जंक्शनच्या आसपासचाच सगळा भाग. ग्रॅनाइट आणि कॉक्सकॉम्ब ह्या छावण्यासुद्धा तिथेच. पेट्रोल म्युझियमपाशी भरून घ्या, डेझर्ट सेंटर ओसाड पडलंय, तिथे काही मिळेल ह्या भरवशावर राहू नका.

गोळ्यांबद्दल संध्याकाळी लिहितो, मीटिंगला बोलावतायत.

---

खरं_सांगू_का:

खरं सांगू का, जाऊन येऊन चारशे मैल गाडी हाणायची आणि बघायचे काय तर दगड. दगड भिंगारला कमी आहेत का? वडिलांना सॅन डिएगोला मिडवे दाखवा, खरीखुरी विमानवाहू युद्धनौका आहे, चढता येतं, विमानं आहेत, बाथरूम आहे, सावली आहे. आई पण खूश. फौजी माणूस आहे, त्याला हत्यारं बघायला आवडतील का खडी?

---

भिंगारकर:

@खरं_सांगू_का मिडवे मागच्या वेळी झाली. "छान आहे" मिळालं. वीस मिनिटं.

@उंटावरचा_शहाणा खूप धन्यवाद, ते पायवाटेचं वाचून अंगावर काटा आला. संध्याकाळची वाट बघतो.

---

मुरूम:

मी सॉइलवाली आहे (हो, माती हाच धंदा, नवऱ्याचे सगळे जोक ऐकून झालेत) त्यामुळे इतिहास सोडून जमिनीबद्दल थोडं, कारण तिथे खरी बघायची गोष्ट जमीनच आहे.

त्या भागात जमिनीवर खड्यांचा एक थर असतो, एकाला एक चिकटून बसवलेली फरशी असावी तसा. वारा आणि पाणी मिळून हजारो वर्षांत तो बनतो. वरच्या बाजूने दगडांना काळपट चकाकी चढते आणि पालथा केला की खालून फिका किंवा लालसर. टँक त्यावरून एकदा जरी गेला तरी फरशी मोडते, खालची माती दाबली जाते आणि ते परत जुळून यायला माणसाची काही आयुष्यं पुरत नाहीत. म्हणून माग अजून दिसतात, दोन समांतर पट्टे, मध्ये झाडोरा कमी. सकाळी सातला नाहीतर सूर्य मावळायच्या तासभर आधी जा, उन्हं तिरपी असताना ते पट्टे आपोआप वर येतात, भर दुपारी त्याच जागेवर उभं राहिलात तरी काही दिसणार नाही. १९८० च्या दशकात इथल्या छावण्यांच्या जमिनीवर बराच अभ्यास झाला, चाळीस वर्षांनीही रस्त्यांखालची माती घट्टच होती.

पण एक सांगते, दिसलेला प्रत्येक माग पॅटनचा नसतो! १९६४ च्या मे महिन्यात ह्याच वाळवंटात डेझर्ट स्ट्राइक नावाचा मोठा युद्धसराव झाला होता, लाखाच्या घरात सैन्य होतं. त्यामुळे इंटरनेटवर लोक फोटो टाकून "४२ चे टँकचे माग" लिहितात त्यातले कित्येक ६४ चे असतील, आणि काही तर परवाच्या रविवारी कोणीतरी जीप घातली त्याचे. म्हणून हात जोडून विनंती की आखलेला रस्ता सोडून गाडी एक फूटही बाहेर काढू नका.

अजून एक. ब्लाइथच्या उत्तरेला यूएस ९५ लगत इंटाग्लिओ आहेत, मूळ रहिवाशांनी वरचे काळे खडे बाजूला सारून काढलेल्या अवाढव्य आकृत्या, एक माणूस तर १७१ फुटांचा आहे. आपल्या कोकणातल्या कातळशिल्पांची आठवण येते, फरक एवढाच की आपल्याकडे जांभ्यात खोदलंय आणि इथे नुसतं खरवडलंय. ह्यांनाही टँकनी सोडलं नाही, सरावातल्या गाड्यांचे चरे त्यांच्यावर उमटलेत. आता कुंपण आहे. तुमच्या रूटवर नाही पण हाताशी दिवस असेल तर जोडा.

आणि कासवं. डेझर्ट टॉर्टॉइज दिसलं तर फोटो लांबून, उचलायचं नाही. घाबरलं की ते साठवलेलं सगळं पाणी सोडून देतं आणि मग उन्हाळाभर प्यायला नसल्याने मरू शकतं. थंडीत बहुतेक बिळात असतात, तरी पार्क केलेली गाडी काढताना खाली वाकून बघायची सवय ठेवा, सावलीला येऊन बसतात.

---

उंटावरचा_शहाणा:

आलो. मुरूम ताई, ६४ चं मला माहीतच नव्हतं, माझ्या अल्बममधले तीन फोटो आता संशयित झाले.

गोळ्यांबद्दल: खरं आहे. सगळ्या छावण्यांच्या आत असतीलच असं नाही, राहायच्या जागेत शक्यता कमी, पण छावण्यांच्या भोवती फायरिंग रेंज होत्या आणि तिथे अजून सापडतात. साफसफाई झाली पण अठरा हजार चौरस मैल कोण चाळत बसणार. भिंगारकर, तुम्हाला काय सांगायचं, के के रेंजच्या आसपासच्या गावात भंगारासाठी गोळे उचलायला गेलेल्यांचं काय होतं ते तुम्ही जवळून बघितलंय. तोच नियम. गंजलेलं, लांबुळकं, पंख असलेलं काही दिसलं की जवळ जायचं नाही, आल्या पावली मागे फिरायचं आणि फोन लागेल तिथून पोलिसांना कळवायचं. लहान पोरं बरोबर असतील तर "ठोकर मारायची नाही" हे गाडीतूनच बजावा.

जे धोकादायक नाही त्यालाही हात नको. गंजके डबे, बाटल्यांच्या काचा, बुटाची टाच, मी असलं सगळं बघितलंय. डबा किल्लीने गुंडाळत उघडलेला, कडेला अजून ती पत्र्याची पट्टी वळलेली. खिशात घालायचा मोह होतो, पण जमीन केंद्र सरकारची आहे, बीएलएम ह्या त्यांच्या जमीन खात्याच्या ताब्यात, आणि तिथून वस्तू उचलणं हा गुन्हा आहे. दगडसुद्धा हलवायचा नाही. लोक जाऊन आपल्या नावाची अक्षरं मांडतात तिथलेच दगड घेऊन, अशांना पॅटनच्या हवाली करायला पाहिजे होतं.

मोबाइलला रेंज शून्य, मॅप आधी डाऊनलोड करून ठेवा. पाणी माणशी चार लिटर. आईंसाठी: बाथरूम म्युझियमपाशी, त्यानंतर थेट परत येईपर्यंत नाही. सावली म्हणजे तुमच्या गाडीची. घडीच्या खुर्च्या आणि मोठी छत्री न्या.

---

फिनिक्सची_सून:

कॅलिफोर्नियावाल्यांनी सगळं आपल्याकडेच ओढलंय, अ‍ॅरिझोनाचं कोणी बोलतच नाही! आमच्याकडे हायडर, हॉर्न, लगूना आणि सगळ्यात भारी म्हणजे बाउस.

कॅम्प बाउस ही गुपित छावणी होती, बटलर व्हॅलीत, तीन बाजूंनी डोंगर. इथे असे टँक होते ज्यांच्या टरेटमध्ये (वरच्या फिरत्या बुरुजात) कार्बन आर्कचा प्रचंड सर्चलाइट बसवलेला, सव्वा कोटीच्या वर कँडलपॉवर, आणि एका उभ्या चिंचोळ्या फटीतून तो प्रकाश बाहेर फेकायचा. रात्री अचानक लावून समोरच्या शत्रूचे डोळे दिपवायचे, त्याला अंतराचा अंदाजच येऊ द्यायचा नाही अशी आयडिया. मूळ कल्पना ब्रिटिशांची, तिला नाव दिलं होतं "कालवा संरक्षण दिवा", म्हणजे कोणाला संशयच यायला नको. अमेरिकन जवान त्याला नुसतं "गिझ्मो" म्हणायचे आणि घरी पत्रात एक अक्षर लिहायची परवानगी नाही. एवढं करून ठरवलेल्या पद्धतीने ते हत्यार लढाईत वापरलंच नाही, १९४५ ला ऱ्हाइन नदीवर पुलांची राखण करायला थोडे दिवे कामी आले तेवढंच. रिसालदार साहेबांना हे नक्की आवडेल.

आता आमची फजिती. आम्ही भाड्याची एसयूव्ही घेऊन गेलो, दिसायला दांडगी पण पुढची दोनच चाकं फिरणारी, हे आम्हाला वाळूत रुतल्यावर कळलं. एक कोरडा ओढा आडवा आला, नवरा म्हणाला "स्पीड ठेवला की निघते", निघाली नाही. जेवढा अ‍ॅक्सिलरेटर दाबावा तेवढी खाली. दोन तास हाताने वाळू उपसली, पायपुसणी चाकाखाली घातली, ती मागे उडून दिराच्या तोंडावर बसली. शेवटी एक म्हातारा ट्रक घेऊन आला, त्याने चारही टायरमधली हवा जवळजवळ निम्मी सोडायला लावली आणि मग ओढून काढली. आणि वर भाड्याच्या कंपनीच्या करारात लिहिलेलंच होतं की कच्च्या रस्त्यावर नेली तर इन्शुरन्स लागू नाही, ते आम्ही घरी येऊन वाचलं.

तात्पर्य, सेदानने बाउसच्या छावणीपर्यंत जाऊ नका, गावातलं स्मारक बघून परत फिरा.

---

खरं_सांगू_का:

दिव्याचं भारी आहे. मागे घेतो शब्द, अर्धे.

---

जुना_गनर:

मी स्वतः देवळालीला होतो, तोफखाना. दोन शब्द.

भिंगारकर, वडिलांना नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियमनंतर कुठलंही टँक म्युझियम छोटंच वाटणार, त्यामुळे तिथल्या टँकवर फार वेळ घालवू नका. बाहेर आवारात रांगेत उभे आहेत, वडील दहा मिनिटांत सगळे ओळखून मोकळे होतील. आतला एक मोठा उठावाचा नकाशा मात्र चुकवू नका, पाच टन वजनाचा आहे, अ‍ॅक्वाडक्टचा मार्ग आखताना पाणीवाल्यांनी बनवून घेतलेला. आधी तो बघितला म्हणजे पुढे प्रत्यक्ष जमिनीवर गेल्यावर डोंगर, खिंडी, रेल्वे जुळवता येतात. म्युझियमच्या जवळच पहिली छावणी, कॅम्प यंग, पॅटनचं मुख्यालय तिथे होतं. आता २०२५ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या चकवाला राष्ट्रीय स्मारकात तो भाग येतो.

आणि पासष्टला आपली लढाई खुद्द पॅटनशी झाली असं समजू नका, माणूस १९४५ लाच गेला, टँकला त्याचं नाव नंतर दिलं. खेमकरणजवळ असल उत्तरला आठ ते दहा सप्टेंबर तीन दिवसांत पाकिस्तानचे त्या नावाचे टँक उसाच्या शेतात आणि आपण सोडलेल्या पाण्यात फसले. टँक भारी होता, त्यात शंका नाही. जमीन ओळखीची नव्हती. तुमच्या त्या वाळवंटात दहा लाख माणसांना नेमकं हेच शिकवत होते, की आधी जमीन ओळखा.

कासवाबद्दलची माहिती आवडली.

---

मुरूम:

@जुना_गनर काका, "आधी जमीन ओळखा" हे मी ऑफिसात दारावर लावणार आहे.

---

भिंगारकर:

मंडळी, जाऊन आलो! जानेवारीचा दुसरा शनिवार. मोठं लिहितोय, चहा घेऊन बसा.

पहाटे पाचला निघालो, आईने दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लोणचं बांधलं होतं. शिरिआको समिटला पोचलो तेव्हा म्युझियम उघडायचं होतं, शेजारच्या कॅफेत कॉफी घेतली. १९३३ पासून एकच कुटुंब तिथे पंप आणि कॅफे चालवतंय हे ऐकून आई म्हणाली की मग ह्यांच्या आजोबांनी पॅटनला चहा पाजला असणार. शक्य आहे.

टँकच्या रांगेत गनर काका म्हणाले तसंच झालं, बारा मिनिटं. एका टँकपाशी मात्र बाबा थांबले, ट्रॅकवर हात ठेवला, काही बोलले नाहीत, मग पुढे. आतल्या नकाशापाशी पाऊण तास!! मी घड्याळ लावलं होतं. बोटाने हवेत रेषा काढत होते, "पाणी इथून, रेल्वे इथून, म्हणजे डेपो इथे असणार". तिथल्या स्वयंसेवक आजोबांनी विचारलं तुम्ही सैन्यात होतात का. पुढे दोघांचं काय बोलणं झालं ते मला अर्धंच कळलं कारण बाबांचं इंग्रजी आणि आजोबांचे कान दोन्ही यथातथा, पण "खेमकरण" आणि "शुगरकेन" हे शब्द ऐकू आले आणि आजोबा मोठ्याने हसले.

मग १७७. शेवटचा तुकडा कच्चा होता, मी गाडी अलीकडेच लावली आणि चाललो. मुरूम ताई, उतरल्याबरोबर वाकून गाडीखाली बघितलं, निघताना परत बघितलं, पोरगा आता घरच्या गॅरेजमध्येही बघतो.

पहिली पाच मिनिटं मला काहीच दिसेना. खडी, ते क्रिओसोटचे झुडूप, लांब काळे डोंगर आणि इतकी शांतता की कानात दडे बसल्यासारखं. मनात म्हटलं खरं_सांगू_का जिंकले. बाबा मात्र उभे राहिले, एकदा डावीकडून उजवीकडे सावकाश बघितलं आणि चालायला लागले. म्हणाले, "ही मेन रोड. ही कंपनी लाइन. वारा तिकडून येतो, म्हणजे लंगर ह्या टोकाला आणि संडास त्या टोकाला, चल." आणि खरंच हो, ते बोट दाखवतील तिथे गेल्यावर दगडांची ओळ दिसायची. एकदा एक ओळ दिसली की मग डोळ्याला दुसरी दिसते, तिसरी दिसते, आणि एकदम अख्खं गाव उभं राहतं. पायवाटा, चौकोन, गोल. एका ठिकाणी छोट्या गोल दगडांची रांगोळीसारखी नक्षी होती, बाबा म्हणाले इथे कोणीतरी पनिशमेंटवर होता.

आई खुर्ची टाकून छत्रीखाली बसली होती ती उठून आली. ऑल्टरपाशी कुंपणाबाहेर उभी राहून तिने हात जोडले, आणि बाबांना म्हणाली देवाची जागा आहे, बूट काढा. बाबा म्हणाले काटे आहेत. आई म्हणाली कुठाहेत काटे, आणि स्वतः चप्पल काढली आणि लगेच घातली.

दशम्या खाताना बाबा राजस्थानातलं सांगायला लागले. टँकच्या आतलं लोखंड दुपारी इतकं तापायचं की उघडा हात लागला तर फोड, रात्री त्याच लोखंडाला पाठ टेकवून झोपायचं कारण ते पहाटेपर्यंत कोमट राहायचं. पाण्याच्या जेरीकॅनला ओलं पोतं गुंडाळून ठेवायचे. एक पोरगा होता सांगलीकडचा, रोज रात्री आपल्या तंबूच्या दारात दगड मांडून अंगण करायचा, सकाळी हुकूम यायचा मूव्ह, संध्याकाळी नव्या जागी परत अंगण. मी चाळीस वर्षांचा आहे, यातलं एक अक्षर मी आधी ऐकलेलं नाही. मी मधे प्रश्न विचारला तर थांबतील म्हणून गप्प बसलो.

गोळे वगैरे काही दिसले नाहीत. दोन डबे दिसले, किल्लीवाले, उचलले नाहीत.

निघायच्या वेळी साडेचार वाजत आले होते, उन्हं तिरपी, आणि सगळ्या ओळींच्या सावल्या पडल्या. बाबा एका लांब ओळीच्या टोकाला उभे राहिले, एक डोळा मिटला आणि बघत बसले. ज्यांनी कॅन्टोन्मेंट बघितलंय त्यांना माहितीये, आपल्याकडे युनिटमध्ये रस्त्याकडेच्या दगडांना गेरू आणि चुना लावतात आणि ओळ वाकडी असेल तर कोणाची तरी रविवारची सुट्टी जाते. तर ते बघून म्हणाले, "डावीकडून सातवा."

मी म्हटलं काय सातवा.

"लाइनच्या बाहेर आहे. चार बोटं."

हात लावायचा नाही बाबा, इथे नियम आहे.

"माहितीये रे, तूच सकाळपासून दहादा सांगितलंस." पण हलेनात. पोरगा जाऊन त्या दगडापाशी उकिडवा बसला आणि म्हणाला आबा, मी ढकलू का थोडासा? बाबांनी त्याला बोलावून घेतलं, हात धरला आणि गाडीकडे निघाले. इंडिओपर्यंत काही बोलले नाहीत, मला वाटलं झोप लागली.

परवा भिंगारच्या मित्राला व्हिडिओ कॉलवर सगळं सांगत होते, नकाशा, कालवा, तो टँकमधला दिवा (बाउसला मार्चच्या आत जायचंच आहे, फिनिक्सची_सून, गाडी कुठली घेऊ ते सांगा). मित्राने विचारलं कशी काय होती मग छावणी. बाबा म्हणाले, "चांगली होती. लाइन एकदम चांगली. एक दगड सोडून."